रात्री दम लागला, निघावं की उजाडेपर्यंत थांबावं?

प्रश्न : मी लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वय ५२. दमा १९ वर्षांपासून आहे. गेल्या वर्षभरात तीनदा रात्री घराजवळच्या नर्सिंग होममध्ये न्यावं लागलं. तिन्ही वेळा नेब्युलायझर लावला, दोन-तीन तासांनी बरं वाटलं, घरी सोडलं. शेवटच्या वेळी ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "काही विशेष नाही, एवढ्यासाठी रात्री तीनला कशाला आलात?" यजमानांची पहिली पाळी असते, त्या दिवशी त्यांचा खाडा झाला. मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावून म्हणतो, "९६ आहे आई, घाबरू नकोस." सासूबाईंना वाटतं, मी फार मनाला लावून घेते. म्हणून गेल्या महिन्यात त्रास झाला तेव्हा कुणाला उठवलंच नाही. दोन वाजल्यापासून खिडकीत बसून पंप घेत राहिले, दहा-बारा वेळा तरी घेतला असेल. उजाडल्यावर थोडं हलकं वाटलं. उगाच धावपळ नको आणि उशीरही नको. कधी जायचं हे ओळखायचं कसं?

उत्तर :

ताई, गेल्या महिन्यातली ती रात्र खिडकीत बसून काढायची नव्हती. दहा-बारा पफ घेऊनही उजाडेपर्यंत बसून राहावं लागलं, म्हणजे औषध पुरत नव्हतं. अशा वेळी घरच्यांना उठवायचं आणि निघायचं. हे आधी सांगून टाकते, कारण तशी रात्र पुन्हा आजही येऊ शकते.

तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून एक हिशोब मांडलाय. तीनदा गेलो, तिन्ही वेळा काही निघालं नाही, तेव्हा चौथ्यांदाही निघणार नाही. हा हिशोब उलटा आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये, जिवाला धोका जास्त असलेले रुग्ण कोणते, याची यादी असते. गेल्या वर्षभरात दम्यासाठी तातडीचे उपचार घ्यावे लागले, ही त्या यादीतली एक ठळक गोष्ट आहे. तुम्हाला तीनदा घ्यावे लागलेत. मुलाला आणि यजमानांना हे वाक्य वाचून दाखवा.

आणि "काही निघालं नाही" हेही खरं नाही. तुम्ही पोहोचलात तेव्हा श्वासनळ्या आवळलेल्या होत्या. नेब्युलायझरने त्या मोकळ्या झाल्या, म्हणून दोन-तीन तासांनी छाती साफ ऐकू आली. दमा असाच असतो. वेळेत औषध मिळालं की तासाभरापूर्वी माणूस कसा धापा टाकत होता, याची खूणसुद्धा उरत नाही. तुम्हाला घरी सोडलं, कारण उपचार लागू पडले. ते डॉक्टर जे बोलले ते बोलायला नको होतं. रात्रपाळीचा थकवा मी जाणते, पण दम्याच्या पेशंटला "कशाला आलात" असं विचारलं की पुढच्या वेळी ती येत नाही, आणि तेच तुमच्या बाबतीत झालं.

आता ऑक्सिमीटर. कोविडनंतर मुंबईत घरोघरी तो आला. चांगलं यंत्र आहे, पण दम्याच्या झटक्यात तो उशिरा बोलतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढंच तो सांगतो. तेवढा ऑक्सिजन टिकवायला तुम्ही किती झटताय, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू किती ओढताय, हे त्याला दिसत नाही. शरीर बराच वेळ नेटाने ९५-९६ सांभाळतं आणि मग थकतं. थकल्यावर आकडा घसरतो, कधी कधी फार झपाट्याने. म्हणून आकडा कमी असेल तर तो खरा इशारा समजायचा. ९४च्या खाली गेला तर थांबायचं नाही, ९२च्या खाली गेला तर जिवावर बेतलंय असं धरायचं. पण आकडा चांगला आहे म्हणून घरी बसायचं, असा त्याचा अर्थ लावायचा नाही. नखाला रंग असेल, बोटं गार पडली असतील, तर तो आकडाही भरवशाचा नसतो.

मग मुलाने बघायचं काय? आधी दिवा लावायचा. अंधारात, अंथरुणाशेजारी उभं राहून यातलं काही कळत नाही. गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे जो खड्डा असतो, तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय का ते बघायचं. खांदे वर-खाली होतायत का, तुम्ही हात टेकून पुढे वाकून बसलाय का, ओठ किंवा नखं निळसर-करडी दिसतायत का. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. मोठ्या माणसाचे मिनिटाला २५ किंवा जास्त झाले, नाडी ११०च्या वर गेली, तर झटका जोराचा आहे.

याहून सोपी परीक्षा म्हणजे घरचा पत्ता. तुमचा पत्ता चांगला लांबलचक असणार : खोली नंबर, मजला, चाळीचं नाव, गल्ली, समोर काय, मागे काय, लालबाग, मुंबई. तो नेहमीच्या आवाजात सांगायचा. मधे दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर प्रश्न मिटला, निघायचं. ही परीक्षा सासूबाईंनाही घेता येते, आणि तिच्यात "मनाला लावून घेण्याचा" वाद येत नाही.

एक गोष्ट अनेक घरांत चुकीची समजली जाते. छातीतला सू-सू आवाज थांबला की "आता उतार पडला" म्हणतात. बोलणं मोकळं झालं, चेहरा शांत झाला आणि आवाज थांबला, तर खरंच उतार पडलाय. पण आवाज थांबला आणि माणूस गळून गेलाय, पेंगतोय, गोंधळल्यासारखं बोलतोय, तर आवाज निघण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नाहीये. याहून मोठी धोक्याची खूण दम्यात नाही. तेव्हा "झोप लागली वाटतं" म्हणून पांघरूण घालायचं नसतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

पंप कसा घ्यायचा, तेही नीट सांगते, कारण "दहा-बारा वेळा" यावरून तो कसा घेतला ते मला कळलं नाही. ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावायचा, नसेल तर उद्याच केमिस्टकडून आणा, त्याने औषध घशात चिकटण्याऐवजी छातीत उतरतं. एका वेळी एकच पफ सोडायचा, तो चार-पाच सावकाश श्वासांत ओढायचा. मग पुढचा. अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने असे जास्तीत जास्त दहा. त्याने बरं वाटलं तर ठीक, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दहा झाले आणि फरक नाही, तर निघायचं. बरं वाटलं पण चार तासांच्या आत पुन्हा पंप हातात घ्यावा लागला, तरीही निघायचं. वाटेत किंवा गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवायला हरकत नाही. हा हिशोब साल्बुटामॉलचा, म्हणजे सहसा निळ्या पंपाचा. फॉर्मोटेरॉल असलेला पंप असेल तर त्याची मर्यादा वेगळी असते, ती तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

घरात डॉक्टरांनी दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या असतील तर सांगितल्याप्रमाणे जरूर घ्या, पण त्यांचा गुण यायला काही तास लागतात. गोळी घेतली म्हणून घरी थांबलो, असं करू नका. वाफ, काढा, छातीला बाम यांनी आवळलेली श्वासनळी मोकळी होत नाही, आणि त्या खटपटीत हातचा अर्धा-पाऊण तास जातो. झोपेची गोळी तर अजिबात नको.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. रात्री दोन वाजता, दम लागलेला असताना, सगळं घर झोपलेलं असताना निर्णय घ्यायची जबाबदारी तुमच्या एकटीवर आहे. यजमानांचा खाडा, मुलाची झोप, सासूबाईंचं बोलणं, नर्सिंग होमचं बिल, हे सगळं त्या वेळी तुम्ही तराजूत टाकता, आणि दुसऱ्या पारड्यात फक्त स्वतःला. आपल्याकडच्या बायका अशा वेळी काय ठरवतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. शिवाय दम लागून थकलेला मेंदू नीट विचार करत नाही. म्हणून हा निर्णय रात्रीवर ठेवूच नका. तो दिवसा, डॉक्टरांसमोर, घरच्यांना सोबत घेऊन करा आणि कागदावर लिहून फ्रिजला किंवा दाराच्या मागे लावा. रात्री मग कुणी कुणाला पटवून द्यायचं नाही, कागदात लिहिलंय तसं वागायचं.

त्या कागदावर काय हवं? तुमच्या पंपांची नावं आणि रोजचे पफ. कोणत्या औषधांची अॅलर्जी आहे, दुखण्यावरच्या कोणत्या गोळ्या चालत नाहीत. आधी कधी आयसीयूत ठेवलं होतं का. आणि एक आकडा, जो आज तुमच्याकडे बहुतेक नाही : तुमचा पीक फ्लो, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर सोडता येतो ते.

पीक फ्लो मीटर म्हणजे जोरात फुंकर मारायची साधी प्लॅस्टिकची नळी, काही शे रुपयांत मिळते. तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, प्रत्येक वेळी तीनदा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. तो तुमचा सर्वोत्तम. समजा तो ३६० आला. ८० टक्के म्हणजे २८८. त्याच्या वर आहात तोवर रोजचं चालू द्या. २८८ आणि १८०च्या मधे आलात की डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव औषधं सुरू करायची. १८०च्या, म्हणजे निम्म्याच्या, खाली गेलात की पंप घेत-घेत दवाखाना गाठायचा. तुमच्या घरासाठी या नळीचा आणखी एक उपयोग आहे. नुसत्या घाबरण्याने श्वास भरभर होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, पण पीक फ्लो सहसा फारसा घसरत नाही. सासूबाईंचा आणि तुमचा वाद ही नळी मिटवेल. मात्र दमाही आहे आणि भीतीही आहे, असं दोन्ही एकदम असू शकतं. श्वास मिळत नसेल तर कुणीही घाबरेल. शंका असेल तेव्हा दमा धरूनच वागायचं.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहा : "आई नको म्हणाली तरी न्यायचं." मुलाला त्यावर सही करायला सांगा. हे मी अगदी मनापासून सांगतेय. "थांब, आता बरं वाटतंय" हे वाक्य दम्याचे पेशंट बऱ्याचदा बरं वाटत नसतानाच म्हणतात.

आता जायचं कसं. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. आत ऑक्सिजन असतो. पेंगुळलेपण, निळे ओठ, बोलताच न येणं, यांपैकी काही असेल तर थेट १०८. पण त्यांनी सांगितलेला वेळ जास्त वाटला आणि खाली टॅक्सी उभी असेल, तर टॅक्सीने निघा. लालबागहून परळचं के. ई. एम. रुग्णालय रात्रीच्या रिकाम्या रस्त्याने दहा मिनिटांच्या आत येतं. तिथली कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, तशीच सायन, नायर आणि कूपरचीही. नर्सिंग होम जवळ आहे म्हणून तिथेच जायचं असेल, तर दिवसा एकदा जाऊन विचारून या : रात्री ऑक्सिजन असतो का, डॉक्टर जागेवर असतात की फोन करून बोलवावे लागतात, आयसीयू आहे का. उत्तरं समाधानकारक नसतील तर ते नाव कागदावरून काढून टाका.

तीन मजले उतरणं हे तुमच्या बाबतीत छोटं काम नाही. झटक्यात स्वतःच्या पायाने जिने उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत अवस्था आणखी बिघडेल. हात असलेली खुर्ची, ती उचलायला दोन माणसं, आणि तुम्ही बसलेल्या. शेजारच्या खोल्यांतल्या दोघांना आजच विचारून ठेवा. चाळीत यासाठी कुणी नाही म्हणत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत तर लालबागला गाडी आत यायचीच पंचाईत असते. त्या दिवसांसाठी मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांचे नंबर कागदावर हवेत. वाट मोकळी करून देणं त्यांना रोजचं आहे. गुलाल, धूप, फटाक्यांचा धूर आणि गर्दी यांनी त्रास वाढत असेल तर ते दिवस नातेवाइकांकडे काढण्याचा विचार करा. बाप्पाचं दर्शन पहाटेही घेता येतं. पावसात हिंदमाताला पाणी भरलं की परळची सगळी वाहतूक तुंबते, तेव्हा मुसळधार पावसाच्या रात्री नेहमीपेक्षा लवकर निघायचं.

पोहोचल्यावर काय बोलायचं, हेही ठरवून ठेवा. "थोडं दमल्यासारखं वाटतंय" असं म्हणू नका, तसं म्हटलं की तुम्हाला बाकावर बसवतील. मुलाने म्हणायचं : "१९ वर्षांचा दमा आहे, दोन वाजल्यापासून दहा पफ झालेत, फरक नाही, वर्षातली ही चौथी वेळ." आणि तो कागद पुढे करायचा. केस पेपर काढायला एकाने जायचं, दुसऱ्याने तुमच्याजवळ थांबायचं. पैशांअभावी किंवा कागदपत्रांसाठी तातडीचा उपचार अडवता येत नाही. जीव वाचवणं हे सरकारी आणि खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. रेशन कार्ड जवळ ठेवा. भरती करावं लागलं आणि रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा.

घरी सोडताना विचारा : स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, कोणता पंप चालू ठेवायचा. आणि दोन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत, नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. तिन्ही वेळा तुम्ही गेला होतात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि माझा अंदाज आहे की बरं वाटलं म्हणून गेला नाहीत.

अंदाजाने आणखी एक म्हणते. तुम्ही "पंप" एकच लिहिलाय. निळा पंप आवळलेली नळी काही तासांसाठी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायचं काम रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाचं. "सवय लागेल" या भीतीने तो बंद करणारे कितीतरी पेशंट मी पाहिलेत. त्यातली मात्रा गोळीच्या मानाने फारच कमी असते आणि ती थेट छातीत जाते. घेतल्यावर चूळ भरली की तोंड येण्याचा त्रासही टळतो. निळ्या पंपात साधारण २०० पफ असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त संपत असतील तर दमा ताब्यात नाही. गेल्या वर्षी किती विकत आणले, ते केमिस्टच्या बिलांवरून मोजा आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा. खोलीत पावसाळ्यात ओल येते का, भिंतीला बुरशी धरते का, खाली कुठे बांधकाम चालू आहे का, तेही सांगा.

एक सावधगिरी, आणि ही मधुमेह, रक्तदाब असलेल्या इतर वाचकांसाठीही आहे. आजार जुना असला की प्रत्येक त्रास त्याच्याच खात्यावर टाकला जातो. आडवं झाल्यावर वाढणारी धाप, पायाला सूज, छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, हा नेहमीचा दमा नसू शकतो, आणि गॅस तर नाहीच. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका फारसं न दुखताही येतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, जीभ जड होणं, यात तर मिनिटामिनिटाला महत्त्व आहे : मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "हे नेहमीसारखं नाही" असं पेशंटला स्वतःला वाटलं, तर ते घरच्यांनी लक्षण म्हणूनच मोजायला हवं.

हे छापून येईपर्यंत तुमची आणखी एखादी रात्र खिडकीत गेली असेल, तर अपॉइंटमेंट, पगाराची तारीख, कशाचीही वाट पाहू नका. सकाळी मुलाला सोबत घ्या, असतील ते पंप आणि नर्सिंग होमचे तिन्ही कागद पिशवीत टाका आणि डॉक्टरांकडे जा. ते हजर नसतील तर के. ई. एम.च्या ओपीडीत जा. पीक फ्लो तिथेच फुंकून बघा, कागद तिथेच लिहून घ्या.